स्पॅमचा माग

स्पॅम म्हणजे कोणी न मागता घाऊक धाडलेली ई-मेल. तिचे पहिले ज्ञात उदाहरण ३ मे १९७८चे आहे. डीईसी या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण पाठवले. माग काढावा लागला नाही; पाठवणाऱ्याचे नाव मेलवरच होते. पुढच्यांनी ही सोय ठेवली नाही.

टपालाच्या पाकिटावर पडावेत तसे मेलच्या शीर्षनोंदीत वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरचे शिक्के पडतात. ते खालून वर वाचायचे. मात्र आपल्या सर्व्हरने स्वतः मारलेल्या शिक्क्याखालचे सगळे बनावट असू शकतात. खरा आयपी पत्ता लागला, तरी तो बहुधा बॉटनेटने, म्हणजे चोरून ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याने, बळकावलेल्या कुणाच्या तरी घरगुती संगणकाचा निघतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या तपासण्यांमुळे डोमेनची तोतयेगिरी उघडी पडते. पण स्पॅमवाल्याने स्वतःचेच डोमेन घेऊन रीतसर सही केली, तर त्यांना हरकत घेता येत नाही. नोव्हेंबर २००८मध्ये बॉटनेटांना हुकूम देणारे सर्व्हर सांभाळणाऱ्या कॅलिफोर्नियातील मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली, तेव्हा जगातले स्पॅम एका दिवसात निम्म्याहून कमी झाले. काही महिन्यांत ते पूर्ववत झाले.

पैशाचा माग अधिक फलदायी ठरला. संगणकशास्त्रज्ञ स्टीफन सॅव्हेज आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांनी २००८ साली स्टॉर्म या बॉटनेटमध्ये शिरकाव करून हिशेब मांडला: सुमारे ३५ कोटी मेलमागे २८ गिऱ्हाइके! इतक्या बारीक नफ्यावर चाललेला धंदा कुठेतरी नाजूक असणारच. तो दुवा शोधण्यासाठी त्यांनी स्पॅममधल्या दुकानांतून चक्क खरेदी केली. औषधे बहुतांशी भारतातून आली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की स्पॅममधून विकली जाणारी औषधे, नकली चैनीच्या वस्तू आणि सॉफ्टवेअर यांपैकी ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्याच बँकांतून वळते होत होते. अझरबैजान, लाटविया आणि सेंट किट्स इथल्या बँका त्यांत आघाडीवर होत्या.

डोमेन मिनिटांत बदलता येते. कार्डाचे पैसे स्वीकारणारे व्यापारी खाते नव्याने मिळवणे वेळखाऊ आणि खर्चिक असते. म्हणून नाममुद्रांचे मालक चाचणी-खरेदी करून बँक ओळखू लागले आणि व्हिसा-मास्टरकार्डकडे तक्रारी नेऊ लागले. खाती बंद पडली, तशी दुकानेही अडली. बिटकॉइनमध्ये खंडणी मागणाऱ्या मेलपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे बंद करायला व्यापारी खातेच नसते.