बांगडी वाढली तर कासाराची, हूक तुटला तर कुणाचा?

आजचा विषय चारचौघींत काढायला जरा जड जातो. रेडिओवर मात्र सोपा, कारण इथं कुणी कुणाचं तोंड पाहत नाही. विषय आहे आतल्या कपड्यांचा.

नवी बॉडी आणली आणि पहिल्यांदा लावतानाच हूक हातात आला. नवी निकर आणली आणि एका धुण्यात इलॅस्टिक ढिलं पडलं. असं झाल्यावर दुकानात परत द्यायला किती जणी गेल्या, असं मी आमच्या गटाच्या बैठकीत विचारलं. एकही हात वर झाला नाही. याच बायका कुकरचं झाकण बसत नाही म्हणून एसटीनं तालुक्याला दोन-दोन फेऱ्या मारतात. बियाणं उगवलं नाही तर दुकानदाराला भर बाजारात जाब विचारतात. मग अडीचशे रुपयांची बॉडी मुकाट्यानं ट्रंकेच्या तळाशी का जाते? अडीचशे रुपये म्हणजे कुणाची तरी दिवसभराची खुरपणी असते.

"लाज वाटते गं," असं उत्तर मिळतं. ते खरंच आहे. पण ही लाज बाईच्या जातीला जन्मापासून चिकटलेली आहे का? मागे वळून पाहिलं तर तसं दिसत नाही.

आपल्या आजीच्या काळातला कासार आठवा. परका पुरुष ओसरीवर बसायचा, बाईचा हात हातात घ्यायचा, दाबून-वळवून बांगडी चढवायचा. सासू समोर, सासरा अंगणात, पण त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आणि चढवताना बांगडी वाढली तर? तिचे पैसे कासार घेत नसे. ती कासाराची. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण दोघांनाही ठाऊक होता. त्यामुळे बाईला काही मागावं लागत नव्हतं, आणि मागावं लागत नव्हतं म्हणून लाजावंही लागत नव्हतं.

तीच गोष्ट चोळीची. खण यायचा गुळेदगुड्डहून. आज ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि तिथला खण आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या वापरत आल्या. खणाची चोळी कुणी घरीच शिवायची, कुणी शिंप्याकडे द्यायची. शिंपी अंगावर टेप लावत नसे, जुनी चोळी मापाला मागायचा. शिवताना आत जादा कापड सोडायचा. त्या जादा कापडाला आपल्या भाषेत किती छान शब्द आहे, माया! बाई बाळंतीण झाली, अंगानं भरली, की माया उसवून चोळी सैल करायची. पुढं बांधायची गाठ असल्यामुळे बोट-दोन बोटं तिथंही निभायचं. बाही काचली तर बाई शिंप्याला पोरीकरवी निरोप धाडायची, "काखेत धरतंय, सोडून दे." शिंपी गावातलाच. उद्या त्याला त्याच घरी जायचं असे. चोळीत खोट निघाली तर ती दुरुस्त करणं त्याचं काम, हेही सगळ्यांना माहीत होतं.

मग बदल झाला. शहरात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नऊवारीच्या जागी पाचवारी येऊ लागली. कासोटा गेला म्हणून आत परकर आला. गाठीच्या चोळीच्या जागी बटणांचं पोलकं आलं, मग ब्लाउज आला आणि त्याच्या आत बॉडी आली. तिकडं अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नावाच्या बाईनं दोन रेशमी रुमाल फितीनं जोडून अशी वस्तू घरीच केली होती. १९१४ मध्ये तिला तिचं पेटंट मिळालं. म्हणजे तीही आधी घरीच शिवलेली! पुढं मात्र हे सगळं कारखान्यात गेलं आणि डब्यात बंद होऊन आपल्या तालुक्याच्या दुकानात आलं.

आता मधे काचेचा गल्ला आला. पलीकडे अनोळखी माणूस, बहुतेक वेळा पुरुष. माप सांगायचं तर आजूबाजूला गिऱ्हाईकं. डबा उघडून पाहायची सोय नाही. पैसे दिले की वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर काळी पिशवी, जणू काही चोरीचा माल! आणि गल्ल्यामागे पाटी लटकलेली: "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." कासाराचा नियम गेला आणि त्याच्या जागी ही पाटी आली. आपली लाज इथून वाढली. वस्तू आतली आहे म्हणून ती आली असं नाही. आतली वस्तू परक्या माणसाकडून, कुठलाही ठरलेला नियम नसताना घ्यावी लागली, म्हणून ती आली. आणि त्या लाजेचा फायदा खराब माल खपवणाऱ्याला झाला.

आता तुम्हाला लांबची एक हकिकत सांगते, कारण आतल्या कपड्याची तक्रार थेट वरच्या कोर्टापर्यंत गेल्याची ती खरी घटना आहे. आणि तक्रार करणारा पुरुष होता.

ऑस्ट्रेलियात ॲडलेड नावाचं शहर आहे. तिथं १९३१ मध्ये ग्रँट नावाच्या एका डॉक्टरनं दुकानातून लोकरीच्या आतल्या चड्ड्या आणि बनियन घेतले. घातल्यावर त्याच दिवशी पायाला खाज सुटली. पुढं अंगभर पुरळ उठलं, माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. लोकर तयार करताना वापरलेलं रसायन नीट धुऊन काढलं नव्हतं, ते कापडात राहिलं होतं. डॉक्टरनं दुकानदारावर आणि कारखान्यावर, दोघांवर दावा लावला. कारखाना म्हणाला, आम्ही असे सत्तेचाळीस लाखांहून जास्त कपडे विकले, दुसऱ्या कुणाची अशी तक्रार नाही. आधी धुऊन का घातले नाहीत, हाही मुद्दा निघाला.

खालच्या कोर्टात डॉक्टर जिंकला, त्याच्यावरच्या कोर्टात हरला. शेवटी दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढं गेला. त्या काळी आपल्या देशातली शेवटची अपिलंही तिथंच जात. १९३५ मध्ये निकाल लागला आणि डॉक्टर जिंकला. निकालाचा गाभा साधा आहे. आतला कपडा अंगाला लावूनच घालायचा असतो, दुसऱ्या कशाला तो कुणी घेत नाही. म्हणून "मी हा अंगात घालणार आहे" असं दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नाही. तो अंगाला सोसवणारा असला पाहिजे, ही विकणाऱ्याची जबाबदारी. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यातही असंच तत्त्व आहे, आणि आपली वकिलीची पोरं हा खटला आजही शिकतात.

मला यात दोन गोष्टी लागल्या. एक, भल्या मोठ्या न्यायाधीशांनी चड्डीवर गंभीरपणे विचार केला, कुणी हसलं नाही. आणि दुसरी, "बाकी कुणाची तक्रार नाही" हे कारखान्याचं बोलणं. आपण सगळ्या गप्प बसतो, तेव्हा आपल्या गप्पपणाचाही असाच पुरावा होतो, नाही का?

आपल्या महाराष्ट्रात गिऱ्हाईक म्हणून बायका गप्प बसलेल्या नाहीत. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरोधात बायकांची समिती उभी राहिली आणि हातात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ मध्ये २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायदा झाला, म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. तेल, रॉकेल, साखर यांसाठी आपण भांडलो. आतल्या कपड्यांचं मात्र तोंडातच राहिलं.

आता नवा कायदा आहे, २०१९ चा. तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात कासाराचा नियमच पुन्हा लिहिलेला आहे, असं मला वाटतं. खराब निघालेला माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास दुकानदार नकार देऊ शकत नाही. नकार दिला तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा तशीच. त्या पाटीमुळे खराब मालाची जबाबदारी टळत नाही. मोबाइलवरून मागवलेल्या मालालाही, तो सदोष असेल तर, हाच न्याय.

पण दुकानदाराचीही बाजू बघायची. रंग आवडला नाही, माप चुकलं, आठ दिवस वापरून पाहिलं, यासाठी कायदा परत देण्याचा हक्क देत नाही. अंगाला लागलेला कपडा दुसरीला विकायचा नाही, हे आपल्याच भल्याचं. म्हणून घरी आल्याबरोबर, अंगात घालण्याआधी, उजेडात बघायचं. हूक ओढून पाहा, शिवण ताणून पाहा, पट्टी दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा. लेबल काढू नका, बिल डब्यातच ठेवा. माप बदलून मिळेल का, हे घेतानाच विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

खोट निघालीच तर काय बोलायचं? फार नाही. "हूक सदोष आहे, हे बिल, बदलून द्या नाहीतर पैसे द्या." कुकरबद्दल जसं बोलता तसं. वस्तूचं नाव घ्यायला जड जात असेल तर डबा गल्ल्यावर ठेवा, डबाच बोलेल. दुकानात जायचं नसेल तर डब्यावर कंपनीचा तक्रारीसाठीचा फोन नंबर छापलेला असतो, तिथं बोला. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी नाही.

आमच्या गटानं एक ठरवलंय. खराब कपडा परत करायला कुणी एकटी जाणार नाही, दोघी जाणार. गेल्या महिन्यात पहिली जोडी गेली. दुकानदारानं आधी पाटीकडं बोट दाखवलं. आमच्या ताईनं बिलाकडं बोट दाखवलं. दोघंही जरा वेळ गप्प. मग त्यानं मागच्या फळीवरचा दुसरा डबा काढून दिला. ताई परत येऊन म्हणाल्या, "लाज वाटली, पण त्यालाही वाटली."

तर बायांनो, या आठवड्यात ट्रंक उघडा. तळाशी बिलासकट पडलेली, महिन्याच्या आतली एखादी वस्तू असेल, तर बाजाराच्या दिवशी सोबतीण घेऊन निघा. काय झालं ते बैठकीत जरूर सांगा. नमस्कार.