नाशिक प्रशस्ती

नाशिकजवळील पांडवलेण्यांपैकी ३ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरलेला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव करणारा प्राकृत शिलालेख. राजाच्या पराक्रमाची व गुणांची अलंकृत भाषेत स्तुती करणाऱ्या रचनेला प्रशस्ती म्हणतात. गौतमीपुत्राचा मुलगा व उत्तराधिकारी वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी (इ.स. दुसरे शतक) गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने त्रिरश्मी पर्वतावरील हे लेणे भद्रायणीय भिक्षुसंघाला दान दिले आणि त्या दानलेखातच दिवंगत पुत्राची प्रशस्ती गुंफली गेली.

लेखात ऋषिक, अश्मक, मूलक, अपरांत, विदर्भ इत्यादी प्रदेशांवरील गौतमीपुत्राची सत्ता, शक-यवन-पह्लवांचा पराभव आणि क्षहरात वंशाचा उच्छेद यांचे वर्णन असून, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचेही म्हटले आहे. युद्धवर्णनाच्या जोडीला धर्मानुसार करआकारणी, अपराधी शत्रूलाही ठार न मारण्याची वृत्ती आणि अखंड मातृसेवा हे गुण येतात, तर बलश्री स्वतः सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमणारी, तप व उपवास आचरणारी राजमाता म्हणून दिसते. दरबाराने आदर्श राजा आणि आदर्श राजस्त्री यांची कल्पना कशी केली होती, हे त्यातून कळते.

लांबलचक समास, अनुप्रास आणि राम, अर्जुन, नहुष, ययाती यांसारख्या पुराणपुरुषांशी केलेली तुलना यांमुळे हे गद्य काव्यशैलीच्या जवळ जाते. गेओर्ग ब्यूलर यांनी १८९० मध्ये या लेखाच्या व शक क्षत्रप रुद्रदामनाच्या संस्कृत गिरनार लेखाच्या आधारे ही शैली दुसऱ्या शतकातच रूढ होती, असे दाखवले. हाल सातवाहनाच्या नावावरील ‘गाहा सत्तसई’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात मुख्यतः ग्रामजीवन येते. प्रशस्तीचे विश्व मात्र राजकुलाचे आहे. बलश्री ही लेखाची लेखिका नव्हे, तर दात्री आहे, आणि रचनाकाराचे नाव लेखात आढळत नाही.

स्तुतिपर असल्यामुळे या लेखातील विधाने इतर साधनांशी ताडून पाहावी लागतात. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला असल्याने, क्षहरातांवरील त्याच्या विजयाला स्वतंत्र पुरावा मिळाला.