वीस मिनिटांचे जेवण आणि जेऊरची शिदोरी

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यातही एक जेऊर आहे. येथे अभिप्रेत आहे ते करमाळा तालुक्यातील. नाव ऐकताच जेवणाची आठवण व्हावी, हा केवळ ध्वनीचा खेळ. कन्नडात ‘ऊर’ म्हणजे गाव, आणि सोलापूरच्या सीमाभागात असे ऊरान्त ग्रामनाम पावलोपावली भेटते. तरीही आगगाडी आली तेव्हा प्रवाशाच्या जेवणाचे काय झाले, हा प्रश्न समजून घेण्यास हा लोहमार्ग फार सोयीचा आहे.

निवांत भोजन म्हटले की आज फ्रान्सचे नाव पुढे येते. 2010 साली युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या पंक्तीभोजनाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पदार्थांपेक्षा तो मान जेवण्याच्या रीतीला होता: सर्वांनी एकत्र बसावे, एकामागून एक पदार्थ यावेत, मध्ये गप्पा व्हाव्यात आणि कोणी घड्याळाकडे पाहू नये. पॅरिसच्या गार द लियों स्थानकातील भव्य उपाहारगृह 1901 साली उघडले. छतावर चित्रे, भिंतींवर सोनेरी नक्षी आणि खिडकीखाली फलाट, असा त्याचा थाट. 1963 पासून ते ‘ल त्रँ ब्लू’, म्हणजे निळी आगगाडी, या नावाने ओळखले जाते. गाडीची वाट पाहणेसुद्धा एक मेजवानी व्हावी, अशी ती कल्पना.

पण हे चित्र अर्धेच आहे. गाडीत भोजनाचा डबा नव्हता त्या काळात फ्रान्समध्येही ‘वीस मिनिटे थांबा, बुफे!’ अशी आरोळी उठे आणि प्रवासी फलाटावरील उपाहारगृहाकडे धावत सुटत. कढत सूप, हातात पाव, आणि गार्डाची शिट्टी. फ्रेंच माणूसही त्या वीस मिनिटांत घासामागून घास कोंबतच होता. 1883 साली पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेस निघाली तेव्हा तिच्यात भोजनाचा स्वतंत्र डबा होता. पांढरे टेबलक्लॉथ, काचेची भांडी, धावत्या गाडीत अनेक पदार्थांचे जेवण. म्हणजे फ्रान्समध्येही धावत्या गाडीतील निवांतपणा आधी आला तो पैसेवाल्यांच्या वाट्याला.

आता आपल्याकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1858 साली पुण्याहून दौंडपर्यंत आणि 1860 साली सोलापूरपर्यंत पोचला. 1871 मध्ये तो रायचूर येथे मद्रास रेल्वेला जोडला गेला. त्यापूर्वीचा प्रवास म्हणजे मजल-दरमजल. दिवस कलला की नदीकाठी वा धर्मशाळेत मुक्काम पडे, तीन धोंड्यांची चूल मांडली जाई, भाकरी थापल्या जात. तो प्रवास खडतर होता आणि चोराचिलटांचे भय होते, हे खरे. परंतु जेवण केव्हा संपवायचे हे जेवणारा ठरवीत असे. आगगाडीने हा अधिकार त्याच्याकडून काढून घेतला आणि वेळापत्रकाच्या हवाली केला.

मराठी प्रवाशाने यावर जो तोड काढला तो घरातूनच निघाला. शिदोरी काही नवी नव्हती, मात्र गाडीच्या डब्यात तिला नवे महत्त्व आले. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी सोवळ्याच्या नियमांत प्रवासाला चाले आणि टिकेही. सोलापूरकडे कडक भाकरी होती. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, वाळवून इतकी कुरकुरीत करायची की मोडताना आवाज व्हावा. अशी भाकरी कित्येक दिवस खराब होत नाही. सोबत उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी. फडके मांडीवर पसरून एकेक तुकडा मोडीत, शेजाऱ्याला देत, खिडकीबाहेरची माळराने पाहत हे जेवण चाले. गार्डाच्या शिट्टीचा त्याच्याशी काही संबंध नसे. पॅरिसमध्ये जो निवांतपणा उपाहारगृहात शोधला गेला, तो येथे फडक्याच्या गाठीत बांधून नेला जात होता. त्याला कोणी वारसा म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्याच्याजवळ शिदोरी नसे त्याची अवस्था मात्र कठीण. 12 सप्टेंबर 1917 रोजी मोहनदास गांधींनी मुंबईहून मद्रासचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले. भाडे 13 रुपये 9 आणे. 22 माणसांचा डबा, दोन रात्रींचा प्रवास, आणि आडवे होण्यास जागा नाही. टपालगाडी पुणे, सोलापूर, रायचूर याच मार्गाने गेली, म्हणजे जेऊरवरूनही. त्या महिन्याच्या अखेरीस रांचीहून त्यांनी वृत्तपत्रांना पत्र लिहून हा अनुभव मांडला. स्थानकांवरील चहाला त्यांनी चहा म्हणण्याचे नाकारले. खाद्यपदार्थ घाणेरड्या भांड्यांतून घाणेरड्या हातांनी येत आणि गिऱ्हाइकाच्या आधी माश्यांनी चाखलेले असत. सहप्रवाशांना त्यांनी याबाबत विचारले तेव्हा समोर येईल ते घेण्यावाचून इलाज नाही, असे उत्तर मिळाले. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक होते. मग तिसऱ्या वर्गाला त्या सुखसोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय, असा हिशेबी प्रश्न त्यांनी टाकला. हा प्रश्न बिनतोड होता, कारण त्या काळी रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गातूनच जात.

फलाटावर आणखी एक विभागणी होती. ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या घागरी आणि वेगळे पाणीवाले स्थानकांवर असत. वरच्या वर्गाच्या उपाहारगृहात काटे-चमचे वाजत असताना खाली लोटा पुढे करणाऱ्याला आधी आपला धर्म सांगावा लागे. यातही ज्यांचा लोटा कोणत्याच घागरीखाली धरला जात नसे, त्यांच्याविषयी इतिहासात फार कमी लिहिले गेले आहे.

जे लिहिले गेले त्यातील एक लेखन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्यात सांगितलेला प्रवास जेऊरच्या मार्गावरचा नाही, साताऱ्याकडचा आहे. परंतु शिदोरीचा इतिहास त्याच्याविना पुरा होत नाही. 1901 च्या सुमारास लहानगे भीमराव घरच्या इतर मुलांसोबत वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. नवे कपडे, हाती पैसे, सोबत भरपूर खाण्याचे डबे. आगगाडीचा तो त्यांचा पहिलाच प्रवास. मसूर स्थानकावर उतरल्यावर घ्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान बैलगाडीत सोबत बसेना. मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, असे ठरले.

वाटेत एका ठिकाणी डबा उघडला. जवळच्या डबक्यातले पाणी चिखलाने आणि जनावरांच्या मलमूत्राने इतके दुर्गंधित होते की ते तोंडाला लावणे अशक्य. जेवण अर्धवट टाकून डबे बंद करावे लागले. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरीही ते मिळाले नाही. पोटात भूक, जवळ अन्न, आणि मुले उपाशी झोपली. शिदोरी कोरडी असते. पाण्यावाचून तिचा घास घशाखाली उतरत नाही. घरून बांधून आणलेल्या त्या जेवणाला सवडीची वाण नव्हती, अख्खी रात्र समोर होती. वाण होती ती एका तांब्याभर पाण्याची.

पुढे 1 जून 1930 रोजी मुंबई–पुणे मार्गावर दख्खनची राणी धावू लागली. भोजनाचा स्वतंत्र डबा हे तिचे वैशिष्ट्य आजही टिकून आहे. टेबलाशी बसून चीज टोस्ट आणि आम्लेट खात घाट न्याहाळणे हा पुणे-मुंबईकरांच्या अभिमानाचा विषय. मात्र या गाडीला तिसरा वर्ग जोडला गेला तो थेट 1955 साली. पहिली पंचवीस वर्षे तिसऱ्या वर्गाच्या माणसाने ती राणी फलाटावरूनच पाहिली. तिसरा वर्ग हे नावच भारतीय रेल्वेने 1974 मध्ये पुसून टाकले.

जेऊर आता करमाळा तालुक्याचे रेल्वेचे दार आहे. उजनीच्या पाण्यामुळे एकेकाळच्या दुष्काळी माळावर ऊस आणि केळी उभी राहिली आहेत. फलाटावर नळ आहे, आणि त्याखाली बाटली धरणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. गाडी येथे क्षणभर थांबते, तेवढ्या वेळात फलाटावर काहीच खाऊन होत नाही. म्हणून डब्यात आजही कुणाच्या तरी पिशवीतून कडक भाकरी निघते.