बॉम्ब पडत असताना वाक्यं छाटणारा चर्चिल

ऑगस्ट १९४०. ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी लढाई पेटलीय आणि ९ तारखेला चर्चिल आपल्या खात्यांना चिठ्ठी पाठवतोय. कशाबद्दल? तर लांबलचक अहवालांबद्दल! परिच्छेद छोटे करा, आकडेवारी पुरवणीत टाका, ‘खालील बाबी लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ छापाची भरताड काढा. बोलण्यातला शब्द आला तरी चालेल. मला त्याचं कारण जास्त आवडतं: वेळ तर वाचतोच, पण थोडक्यात मांडायला बसलं की विचारही स्वच्छ होतो.

एका चिठ्ठीने सरकारी सवय मोडते होय? युद्धानंतर अर्थखात्याने अर्नेस्ट गावर्सला पुस्तक लिहायला सांगितलं. हा कुणी भाषापंडित नव्हे, फायलींत मुरलेला सनदी अधिकारी. १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्स’ आलं. वाचणाऱ्याचा आधी विचार करा, हा त्याचा धोशा. कायद्याचा मसुदा मात्र त्याने वेगळा ठेवला. तिथे पळवाट राहू नये म्हणून वाक्य किचकट झालं तर समजू शकतो. साध्या पत्राला ती सूट नाही.

आणि वेळ बघा. त्याच वर्षी ५ जुलैला तिकडे राष्ट्रीय विमा आणि मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. आता सरकारी पत्र घरोघरी जाणार होतं, आणि आपल्याला भत्ता मिळणार की नाही, हे लोकांना त्यातूनच कळणार होतं.