पटवाऱ्याच्या दप्तरापासून मेघराजापर्यंत

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत पिंपळगांव रेणुकाई नांवाचें गांव आहे. हिरव्या मिरचीच्या बाजाराकरितां त्याची ख्याति आहे. पावसाळ्यापूर्वींच लावलेली मिरची पावसाच्या आरंभीं तोडणीस येते आणि परप्रांतींचे व्यापारीहि ती घेण्यास तेथें उतरतात. अशा गांवांतील शेतकऱ्याची पत दोन गोष्टींवर अवलंबून असते : शेतांत उभें असलेलें पीक, आणि त्या पिकाविषयीं सरकारी कागदावर उभें असलेलें अक्षर. पीक डोळ्यांस दिसतें. अक्षर मात्र नेहमीं दुसऱ्या कोणाच्या तरी कुलपांत राहिलें आहे. त्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाच्या हातीं गेल्या, हा इतिहास दिसतो तितका रुक्ष नाहीं.

मलिक अंबरानें (मृत्यु १६२६) जमिनीची मोजणी करून सारा ठरविण्याची जी पद्धति या मुलखांत घातली, तिची वाखाणणी इंग्रज इतिहासकारांनींहि केली. परंतु मोजणी कोणींहि केली तरी ती लिहिणारा गांवचाच असे. देशावर त्यास कुळकर्णी म्हणत, निजामाच्या राज्यांत पटवारी. रुमालांत बांधलेलें दप्तर त्याच्या घरीं असे. लिहिणें, राखणें, वाचून दाखविणें आणि अर्थ सांगणें हीं चारहि कामें एकाच हातीं असल्यावर त्या हातास वजन येणारच. ‘कलमकसाई’ हा शब्द मराठींत उगीच रूढ झालेला नाहीं. तो पुष्कळ प्रामाणिक लेखकांवर अन्याय करणारा आहे हें खरें. पण त्यांतील राग माणसापेक्षां व्यवस्थेवरचा होता.

निजामी अमलांत आणखी एक अडचण पडली. गांवचें दप्तर मोडी मराठींत, तर वरच्या कचेऱ्यांचा कारभार प्रथम फारशींत व १८८४ च्या सुमारापासून उर्दूंत. १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्यानें या कारभारास एक चौकट मिळाली. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान विलीन झालें, आणि पुढें १९५४-५५ सालीं शेतोशेत फिरून खासरा पाहणी पत्रकें तयार झालीं. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आला, तेव्हांपासून अधिकाराचा गांव नमुना सात व पिकांचा नमुना बारा मिळून होणारा ‘सातबारा’ येथेंहि घरोघर बोलला जाऊं लागला. भोकरदन तालुका १९८१ सालीं औरंगाबाद जिल्ह्यांतून नव्या जालना जिल्ह्यांत गेला. शेत जागचें हाललें नाहीं. त्याचे कागद मात्र भाषा, लिपि, राज्य आणि जिल्हा बदलत राहिले. याची किंमत काय होते तें २०२३ सालीं दिसलें. न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीस मराठवाड्यांतील जुन्या कुणबी नोंदी शोधावयाच्या होत्या, आणि त्यासाठीं मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची गरज पडली. नोंद असणें निराळें आणि मागतांच ती मिळणें निराळें.

तहसील कचेरीनें यावर जुना तोडगा काढलेला होता : नकलेची खिडकी. अर्जदारानें अभिलेखागारांत शिरावयाचें नाहीं. ठराविक नमुन्यांत अर्ज द्यावा, गट क्रमांक लिहावा, फी भरावी. आंतील कारकुनानें कागद काढून त्याची नक्कल बाहेर द्यावी. आंतील कपाटें कशीं मांडलीं आहेत हें अर्जदारास ठाऊक असण्याचें कारण नाहीं, आणि उद्यां तीं दुसऱ्या खोलींत नेलीं तरी अर्जाचा नमुना बदलत नाहीं. संगणकशास्त्रांत ज्यास ‘एपीआय’ म्हणतात ती अशीच खिडकी होय. फरक इतकाच कीं तिच्यापुढें माणसाऐवजीं दुसरा संगणक उभा असतो. हा शब्दप्रयोग १९६८ सालीं कॉटन व ग्रेटोरेक्स यांच्या एका निबंधांत आला. यंत्र बदललें तरी त्यावर चालणारा कार्यक्रम नव्यानें लिहावा लागूं नये, हाच त्यांचा हेतु होता. पुढें २००० सालीं रॉय फील्डिंग यांनीं आपल्या प्रबंधांत इंटरनेटवरील अशा खिडक्यांची शिस्त मांडली. प्रत्येक वस्तूस एक पत्ता असावा आणि तिच्याशीं व्यवहार करण्यास मोजक्याच आज्ञा असाव्या. ‘गेट’ म्हणजे दाखवा, ‘पोस्ट’ म्हणजे नवी नोंद घ्या, ‘पुट’ म्हणजे अमुक नोंद अशी करा, ‘डिलीट’ म्हणजे काढून टाका. पहिली आज्ञा शंभर वेळां दिली तरी दप्तर जसेंच्या तसें राहतें. ‘पोस्ट’ चुकून दोनदां गेली तर एका व्यवहाराच्या दोन नोंदी होऊं शकतात. खिडकीवरील कारकून ‘हें कालच झालें कीं’ म्हणून थांबवी; यंत्रास हें शहाणपण आधीं शिकवून ठेवावें लागतें.

येथपर्यंत खिडकी कागदापुरती होती. २००६ सालीं ॲमेझॉन कंपनीनें साठवणुकीची जागा व गणनयंत्रें इंटरनेटवरून भाड्यानें देण्यास आरंभ केला, आणि खिडकीचा अर्थच पालटला. आतां तिच्यांतून कागदच नव्हे तर कचेरीहि मागतां येऊं लागली. नवें कोठार उघडा, गर्दी आहे तर यंत्रें वाढवा, ओसरली तर कमी करा, अमक्यास केवळ वाचण्याचा अधिकार द्या, तमक्याची किल्ली रद्द करा : पूर्वीं ज्यास सरकारी ठराव, इमारत आणि नोकरभरती लागे, तें चार ओळींच्या आज्ञेनें होऊं लागलें. भारत सरकारनें आपल्या अशा व्यवस्थेस ‘मेघराज’ असें नांव दिलें. अवर्षणाच्या मराठवाड्यांत हें नांव ऐकून शेतकऱ्यानें हंसावें कीं रडावें, हें सांगणें कठीण. महाराष्ट्र शासनानेंहि २०१८ च्या जानेवारींत क्लाउडविषयक धोरण जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं १ मे रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. त्या कागदासाठीं तलाठ्याची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. हें लहान काम नव्हे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हां लेखणीहि शेतकऱ्याच्या हातीं आली. त्यानें शेतांत उभें राहून भ्रमणध्वनीनें पिकाचें छायाचित्र घ्यावें. जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात आणि नोंद मध्यवर्ती दप्तरांत पोहोंचते. मुदतीच्या अखेरीस सर्व्हर चालत नसल्याची ओरड आणि मग मुदतवाढ, हें मात्र पुढें अनेकदां घडलें. मिरचीची गोष्ट आणखी निराळी. खरिपाची नोंदणी बहुधा ऑगस्टांत उघडते. लवकर लावलेल्या मिरचीचे तोडे तोंवर सुरू झालेले असतात. दप्तराचा हंगाम आणि पिकाचा हंगाम एक नसला म्हणजे खरें पीकहि कागदावर उशिरां उगवतें.

याहून महत्त्वाचा प्रश्न थांबण्याचा आहे. जमिनीची खरेदी झाली तर दुय्यम निबंधकाच्या संगणकांतून ती खबर थेट ई-फेरफार प्रणालींत जाते. पण कायदा तेथें थांबतो. हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीसाठीं पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. पिकाच्या नोंदींत हें अंतर फार आखूड आहे : शेतकऱ्यास आपली चूक दुरुस्त करण्यास ४८ तास, आणि तलाठ्याची तपासणी दहा टक्के नोंदींची. पीक विमा, कर्ज व नुकसानभरपाई याच अक्षरावर ठरावयाची असल्यानें हें अंतर कमी नाहीं ना, असा विचार व्हावयास हवा.

२ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषि मोहिमेस संमति दिली. तिच्या ‘ॲग्रीस्टॅक’ योजनेंत शेतकऱ्यांची यादी, गांवांचे नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंद हीं तिन्ही दप्तरें एकमेकांशीं जोडलीं जातात, आणि शेतकऱ्याच्या संमतीनें ती माहिती इतरांस एका सामायिक खिडकींतून मिळावी अशी योजना आहे. संमति घेतली हें ठीक. परंतु खिडकीमागें बसून किल्ल्या वांटणारा कोण, हा प्रश्न राहतोच. यंत्राच्या व्यवस्थापनाची किल्ली ज्याच्यापाशीं, तो एकेक नोंद खोडीत बसत नाहीं. तो सर्व दप्तराचाच धनी असतो. पटवाऱ्यास निदान गांव ओळखत होतें. या नव्या वतनदाराचें नांव, त्यानें कोणती आज्ञा कोणत्या क्षणीं दिली, आणि ती कोणाच्या अधिकारानें दिली, हें सर्व यंत्र स्वतः एका निराळ्या वहींत टिपून ठेवूं शकतें, आणि त्या वहीस हात लावण्याची किल्ली त्याच माणसाला न देण्याची सोयहि आहे. ती वही पाहण्यासाठीं मात्र पिंपळगांवच्या शेतकऱ्यास सातबाऱ्यासारखा पंधरा रुपयांत भरावयाचा अर्ज अजून नाहीं.