तळ्याकाठच्या छावणीचा जन्म

गावात कुणी नवा धनिक येतो, पिढ्यान् पिढ्या मोकळे असलेले रान विकत घेतो आणि भोवती कुंपण घालतो. मग काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. मोठी माणसे चावडीवर कुरकुरतात आणि पोरे संधी साधून कुंपण मोडतात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात कॉस कॉब म्हणून एक गाव आहे. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी नेमके हेच घडले. बालवीरांच्या, म्हणजे स्काउटांच्या, उन्हाळी छावणीची हकीकत सांगायची तर ती या मोडक्या कुंपणापासून सांगावी लागते.

रान घेणारे गृहस्थ होते अर्नेस्ट थॉम्पसन सेटन. जन्म १८६० चा, इंग्लंडातला. पण बालपण कॅनडात गेले. रानातल्या जनावरांची चित्रे काढावीत, त्यांच्या गोष्टी लिहाव्यात, हा त्यांचा व्यवसाय. १८९८ साली निघालेल्या त्यांच्या गोष्टींच्या पुस्तकाने त्यांना नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले. कॉस कॉबला त्यांनी ओढ्यावर बांध घालून तळे केले. पाखरे, जनावरे तिथे निर्भयपणे राहावीत एवढीच त्यांची इच्छा. पण गावातल्या पोरांना ते कोण समजावणार? त्यांनी कुंपण मोडले, जनावरांवर गोळ्या झाडल्या आणि फाटकावर अचकटविचकट चित्रे काढून ठेवली. सेटननी फाटक पुन्हा रंगवले, तर पोरांनी पुन्हा ते विद्रूप केले.

अशा वेळी फौजदाराकडे वर्दी द्यायची, ही सरळ वाट. सेटन गावच्या शाळेत गेले. तिथे त्यांनी मुलांना निमंत्रण दिले : ईस्टरच्या सुटीत माझ्या तळ्यावर राहायला या, घोंगड्या तेवढ्या घेऊन या. हे साल १९०२. सेटननी पुढे सांगितले आहे की बेचाळीस मुले आली. आली ती आधी मनसोक्त ओरडली, मग कपडे काढून तळ्यात शिरली. सेटननी त्यांना अडवले नाही. रात्री शेकोटी पेटली, गोष्टी रंगल्या, आणि मग त्यांनी मुलांना सांगितले की आता तुमचा नायक तुम्हीच निवडा. मुलांनी निवडला तो टोळीतला सर्वांत दांडगा पोरगा! शिक्षक बंधुभगिनींना याचे नवल वाटणार नाही. वर्गातल्या खोडकर मुलाकडे वर्गाची देखरेख सोपवली की काय होते, याचा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. ज्याने कुंपण मोडायचे, तोच आता कुंपण राखू लागला.

या खेळाला सेटननी नियम जोडले. मुलांनी एकमेकांशी चढाओढ करायची नाही; ठरवून दिलेली मर्यादा गाठायची. अमुक वेळात अमुक अंतर धावला, काड्यापेटीवाचून लाकडावर लाकूड घासून विस्तव केला, ठरल्या संख्येइतकी पाखरे ओळखली, की त्याला मानाचे पीस मिळे. दुसरा हरल्याशिवाय आपण जिंकत नाही, ही शाळेतली समजूत इथे नव्हती. मला सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट मोलाची वाटते. पुढे बालवीरांच्या बाहीवर जे प्रावीण्याचे बिल्ले आले, त्यांच्या मुळाशी ही पिसे आहेत.

पिसे, टोळ्या, नायक हे सारे सेटननी अमेरिकेतल्या आदिवासींकडून घेतले. त्यांच्या चालीरीतींविषयी सेटनना खरा आदर होता. पण त्याच काळात त्या आदिवासींची स्वतःची मुले सरकारी वसतिशाळांत कोंडली जात होती. त्यांचे केस कापले जात, त्यांना आपली भाषा बोलायची बंदी असे. गोऱ्यांच्या मुलांनी पिसे लावावीत आणि ज्यांची ती पिसे त्यांच्या मुलांची काढून घ्यावीत, हेही त्या काळाचेच चित्र.

१९०६ साली सेटननी आपल्या नियमांची पुस्तिका इंग्लंडात बेडन-पॉवेल या सेनानीला धाडली आणि त्याच साली लंडनमध्ये दोघांची भेट झाली. ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेलनी ब्राउन्सी बेटावर वीस-बावीस मुलांची छावणी भरवली. मोठ्या घरांतली मुले आणि कामकऱ्यांची मुले एकाच तंबूत राहिली. बालवीर चळवळीचा आरंभ या छावणीपासून धरतात.

अमेरिकेत बालवीर संस्था ८ फेब्रुवारी १९१० रोजी नोंदली गेली. संस्था तर झाली, पण पुढे करायचे काय? तंबूत मुलांना नेण्याचा सराव वाय.एम.सी.ए.च्या मंडळींना होता. त्यांच्यातले समनर डडली यांनी १८८५ मध्येच सात मुले घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्यावर मुक्काम केला होता. त्याच मंडळींच्या परिषदा लेक जॉर्जच्या काठी सिल्व्हर बे इथे भरत. हे सरोवर डोंगरांच्या कुशीत सुमारे ५१ किलोमीटर लांब पसरलेले आहे. ऑगस्ट १९१० मध्ये नव्या संस्थेची छावणी तिथे पडली आणि प्रमुख होते आपले सेटन. सेटनचा रानाचा अभ्यास आणि बेडन-पॉवेलची शिस्त मिळून त्या वर्षी अमेरिकेची पहिली बालवीर-पुस्तिका निघाली. पुस्तकातले प्रत्यक्षात उतरते का, हे पाहायचे होते. मुलांबरोबर पुढच्या नायकांनीही इथे धडे घेतले. पोहायचे, शिजवायचे, खुणा वाचायच्या आणि रात्री शेकोटीभोवती बसायचे, हा क्रम मग अमेरिकेतल्या कितीतरी छावण्यांनी उचलला. दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या बालवीरांनी मिशिगन राज्यात तळ्यांच्या मुलखात आपली जागा केली.

सेटन मात्र टिकले नाहीत. चळवळीला लष्करी वळण लागते आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि ते अमेरिकेचे नागरिक नाहीत, असे विरोधकांचे. १९१५ साली ते बाहेर पडले. नागरिक झाले ते १९३१ मध्ये.

आपल्याकडे १९०९ पासून बालवीरांची पथके निघाली, ती गोऱ्यांच्या मुलांसाठी. हिंदी मुले बाहेरच. तेव्हा डॉ. अॅनी बेझंट यांनी मद्रासेत आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत आपल्या मुलांसाठी निराळ्या संस्था उभारल्या. या निरनिराळ्या पथकांच्या एकीकरणातून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था जन्मली.