विधिमंडळात प्रश्न कसा विचारला जातो? कार्ले-मावळच्या माणसाने जाणून घ्यावी अशी पद्धत

“आमदार साहेबांनी आपला विषय सभागृहात मांडला,” असा मेसेज येतो, सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असतो. आपण खूश होतो, चार ग्रुपवर पाठवतो आणि विसरून जातो. पण विषय मांडला म्हणजे नेमकं काय केलं? प्रश्न विचारला, लक्षवेधी लावली, की नुसतं भाषणात नाव घेतलं? मंत्र्यांनी उत्तर दिलं का? दिलं असेल तर त्या उत्तराचं पुढे काय झालं? हे विचारणारे फार थोडे. या लेखात हीच पद्धत सोप्या भाषेत समजून घेऊ. उदाहरणं बरीचशी कार्ले आणि मावळ परिसरातलीच घेतली आहेत.

आधी दरवाजा ओळखा

आपल्या देशात कारभार तीन पातळ्यांवर वाटलेला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे विषय, राज्याचे विषय आणि दोघांचे समाईक विषय अशा याद्या आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींनाही घटनेत स्थान मिळालं. त्यामुळे प्रश्न कितीही खरा असला तरी चुकीच्या ठिकाणी विचारला तर उत्तर मिळत नाही.

कार्ले गावातच उभं राहून बघा. डोंगरातली लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, म्हणजे केंद्राच्या. खाली मळवली स्टेशन आणि पुणे-लोणावळा लोकल रेल्वेची, तीही केंद्राची. या दोन्हीबद्दल विचारायचं तर ते काम खासदारांचं. कार्ले ज्या मावळ लोकसभा मतदारसंघात येतं, त्यात मावळ, चिंचवड आणि पिंपरीसोबत घाटाखालचे पनवेल, कर्जत आणि उरणही आहेत.

पण द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, जमिनीची नोंद महसूल खात्याची, पोलीस गृह खात्याचे, आणि बांधकाम परवानगीसाठी ज्या पीएमआरडीएकडे जावं लागतं ती नगरविकास खात्याखाली येते. हे सगळे प्रश्न विधानसभेत विचारता येतात. आणि गल्लीतलं गटार, दिवे, पाण्याची वेळ? त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. ग्रामसभा आहे, तिथे उभं राहून सरपंचांना विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत आपल्या समाजात हा घोळ नेहमी होतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्राची योजना. २०२२ मध्ये ती नववी आणि दहावीपुरतीच ठेवली गेली. संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेतल्या एका प्रश्नाच्या उत्तरात सांगितलं. म्हणजे देशभरातल्या विद्यार्थ्यांशी संबंधित एवढा मोठा निर्णय एका खासदाराच्या प्रश्नामुळे जाहीरपणे नोंदला गेला. याबद्दल आमदारांना कितीही निवेदनं दिली तरी राज्याचा मंत्री “हा केंद्राचा विषय आहे” एवढंच सांगू शकतो.

हा हक्क आला कुठून?

सरकारला प्रश्न विचारणं आज साधी गोष्ट वाटते, पण ती फुकट मिळालेली नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८८२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले गेले, तेव्हा सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने मिळाला. उत्तर ऐकून त्यावर उपप्रश्न विचारायची मुभा १९०९ च्या सुधारणांनंतर आली. १९३७ मध्ये प्रांतांना स्वायत्तता मिळाली, तेव्हा कुठे प्रांताचं मंत्रिमंडळ निवडून आलेल्या सभागृहाला उत्तर देऊ लागलं. आज राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. प्रश्न विचारण्याची ताकद त्या एका ओळीत आहे.

प्रश्नांचे प्रकार

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. वर्षात सहसा तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. सरकारला धरण्याची मुख्य साधनं अशी:

*तारांकित प्रश्न.* याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा उपप्रश्नातच असते, कारण मूळ उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं. हे प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची छापील उत्तरं मिळतात.

*अतारांकित प्रश्न.* याला फक्त लेखी उत्तर. गाजावाजा होत नाही, टीव्हीवर दिसत नाही, पण आकडे, तारखा आणि यादी हवी असेल तर हाच प्रकार कामाचा.

*लक्षवेधी सूचना.* विधानसभेत नियम १०५ खाली. ताज्या आणि तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं, मंत्री निवेदन करतो, मग सदस्य प्रश्न विचारतात. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू व्हायचं होतं. अशा ऐनवेळच्या घटनेसाठी तारांकित प्रश्नाचा रस्ता लांबचा पडतो, लक्षवेधी जवळची.

*अर्धा तास चर्चा.* आधी मिळालेल्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच विषयावर पुन्हा मंत्र्याला उभं करता येतं.

*प्रस्ताव आणि कपात सूचना.* विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खाली मोठ्या धोरणात्मक विषयांवर चर्चा होते. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना देऊन एखाद्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवता येतं.

*औचित्याचा मुद्दा.* मोबाईलवर फिरणारे बरेच व्हिडिओ याचेच असतात. विषय नोंदला जातो, पण मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नसतं. म्हणून “मुद्दा मांडला” आणि “उत्तर घेतलं” यातला फरक लक्षात ठेवा.

प्रश्नाची भाषा

विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. समजा, मावळातल्या एखाद्या गावच्या कब्रस्तानाची संरक्षक भिंत मंजूर होऊनही रखडली आहे. तर प्रश्न साधारण असा होईल:

“(१) सदर भिंतीचे काम मंजूर होऊनही सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, किती निधी मंजूर झाला व तो कोणत्या यंत्रणेकडे वर्ग केला, (३) याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

बघा, यात राग नाही, आरोप नाही, कुणाचं मत विचारलेलं नाही. प्रत्येक वाक्य असं आहे की ज्याला आकडा, तारीख किंवा हो-नाही हेच उत्तर येईल. कोर्टात चालू असलेला विषय, ऐकीव आरोप, केंद्राचा विषय असे प्रश्न गाळले जातात. कुठला प्रश्न घ्यायचा हे विधानसभेत अध्यक्ष आणि परिषदेत सभापती ठरवतात.

उत्तराची भाषाही वाचायला शिकलं पाहिजे. “हे खरे नाही” म्हटल्यावर पुढच्या भागांना बहुतेक वेळा “प्रश्न उद्भवत नाही” एवढंच लिहून येतं. म्हणजे पहिला भागच कच्चा असेल, गावाचं नाव किंवा वर्ष चुकलं असेल, तर सगळा प्रश्न एका फटक्यात संपतो. “हे अंशतः खरे आहे” हे उत्तर आलं तर उपप्रश्नाला जागा आहे. “कार्यवाही सुरू आहे” आलं तर पुढच्या अधिवेशनात तारीख विचारायची.

उत्तर मिळालं, मग काय?

मंत्र्याने सभागृहात “करू”, “तपासून घेऊ”, “कायदा आणू” असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं. ते पाळलं गेलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात काय होतं, याचं उदाहरण आपल्याच समाजाचं आहे.

जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या मागास घटकांना शिक्षण आणि नोकऱ्यांमध्ये ५ टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं आरक्षण थांबवलं नाही. अध्यादेशाला मुदत असते, अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. तसंच झालं. तोवर सरकार बदललं होतं.

पुढे २८ फेब्रुवारी २०२० रोजी विधान परिषदेत काँग्रेसचे शरद रणपिसे यांच्या प्रश्नाला उत्तर देताना अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी शिक्षणात ५ टक्के आरक्षणासाठी कायदा करू, असं सांगितलं. बातमी देशभर गेली. काही दिवसांतच मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले की असा प्रस्ताव आपल्याकडे आलेला नाही. कायदा झाला नाही आणि जून २०२२ मध्ये ते सरकारही गेलं. प्रश्न बरोबर होता, सभागृह बरोबर होतं, उत्तरही मिळालं. पाठपुरावा मात्र शेवटाला गेला नाही.

दुसरं उदाहरण मावळचंच. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे पवना बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, तिघे मरण पावले. विधिमंडळात विषय पेटला, कामकाज बंद पडलं. न्यायालयीन चौकशी नेमली गेली आणि प्रकल्पाला स्थगिती मिळाली. ती स्थगिती सरकारने २०२३ मध्ये उठवली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांना तोच विषय पुन्हा हाती घ्यावा लागला. सभागृह एक दिवस बंद पाडणं सोपं, एक विषय बारा वर्षं धरून ठेवणं अवघड.

बाहेर काय पद्धत आहे?

ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला १९९९ पासून स्वतःची संसद आहे. तिथे अधिवेशन काळात दर गुरुवारी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, स्वतः प्रश्नांना उत्तरं देतात. हमजा युसुफ २०२३ ते २०२४ त्या पदावर होते, तेही दर आठवड्याला या प्रश्नांना सामोरे गेले. तिथेही काही विषय लंडनकडे राखून ठेवलेले आहेत. आपल्याकडे प्रश्न खात्याप्रमाणे जातात, त्यामुळे योग्य खातं ओळखणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

आपण काय करायचं?

पहिलं, तोंडी सांगू नका, एका पानावर लिहून द्या. गाव, गट नंबर, मंजुरीचा आदेश, तारीख, आणि सोबत झेरॉक्स. माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद असेल तर प्रश्नाचा पहिला भाग पक्का होतो.

दुसरं, अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करू नका. महिना-दीड महिना आधी आमदारांच्या कार्यालयात कागद द्या.

तिसरं, फक्त स्थानिक आमदारांवर थांबू नका. ते मंत्री झाले तर स्वतः प्रश्न विचारू शकत नाहीत. विधान परिषदेत पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघाचे आमदार आहेत, त्यांचं क्षेत्र पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर. गावातल्या पदवीधरांनी मतदार नोंदणी केली असेल तर तेही आपलेच प्रतिनिधी.

चौथं, प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. व्हिडिओवर समाधान मानू नका, छापील उत्तर मागा, ते गावच्या फाईलला लावा आणि पुढच्या अधिवेशनाआधी तेच घेऊन पुन्हा जा.

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं तिथे प्रशासकच होते. त्या काळात गावच्या शाळेबद्दल आणि दवाखान्याबद्दल विचारायला निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्यच नव्हता. अशा वेळी विधिमंडळातला प्रश्न हाच हाताशी उरलेला मार्ग असतो. म्हणून पुढच्या वेळी “विषय मांडला” असा मेसेज आला की शुक्रिया जरूर म्हणा. आणि लगेच विचारा: प्रश्न क्रमांक किती, आणि उत्तर काय आलं?